आमच्या घरातली जपानी गाडी

आमच्या थोरल्या मुलाने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आम्हाला न विचारता, मोटार विकत घेतली. तीही कशी, तर दोन दरवाजांची, जमिनीला पोट टेकेल की काय अशी, आणि सायलेन्सरच्या नळीत माणसाची मूठ सहज जाईल अशी. निस्सान स्कायलाइन, मॉडेल १९९६. म्हणजे गाडी आणि तो, दोघे एकाच वयाचे. २०१५ सालच्या मार्च महिन्यातला शनिवार होता. मी कामावरून आलो तर गाडी दारात उभी आणि हा तिच्या बाजूला मान खाली घालून उभा.

"पप्पा, चिडू नका. आधी बॉनेट उघडून बघा."

पोरगा मला ओळखून होता. मी चिडलेलो होतो, पण बॉनेट उघडून बघितलेच.

वाचकांना आधी आमची थोडी ओळख करून देतो. मी मोटार मेकॅनिक. कुर्ल्याच्या नेहरूनगरात वाढलो. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करून १९९१ साली मी कुर्ल्याच्याच एका गॅरेजात लागलो. तेव्हा मुंबईतल्या टॅक्सी म्हणजे पद्मिनी. उस्तादाने पहिले सहा महिने मला फक्त पाने पुसायला आणि इंजिनाचा आवाज ऐकायला ठेवले होते. थोरला चार महिन्यांचा असताना मी मस्कतला गेलो आणि आठ वर्षे तिथे पेट्रोल, लँड क्रूझर अशा जपानी गाड्या उघडल्या. २००४ मध्ये सौ. आणि दोन्ही मुलांना घेऊन न्यूझीलंडला, ऑकलंड शहरात आलो. धाकटी तेव्हा कडेवर होती. शहराच्या पेनरोज भागात एका गॅरेजात मला नोकरी लागली. मुलगा बारावीनंतर रात्रपाळीने सुपरमार्केटमध्ये कपाटे भरायचा आणि दिवसा पॉलिटेक्निकला जायचा. दोन वर्षे त्याने साठवलेले नऊ हजार डॉलर त्या दिवशी दारात उभे होते.

कुर्ल्याला फोन गेला तेव्हा भाऊ म्हणाला, "परदेशात जाऊन पोरगं बिघडलं." त्याचे चुकले असे म्हणवत नाही. आपल्याकडे अशा पोरांच्या मोटारसायकली सायलेन्सर काढून गल्लीतून जातात तेव्हा आपण काय म्हणतो, ते आठवा. पण इथली परिस्थिती थोडी सांगायला हवी.

न्यूझीलंडमध्ये मोटारी बनत नाहीत. पूर्वी सुटे भाग आणून जोडणारे कारखाने होते, तेही १९९८ साली बंद पडले. त्याच्या आधीच, १९८० च्या दशकाच्या शेवटी, जपानमधून वापरलेल्या गाड्या आणण्यावरचे निर्बंध सैल झाले होते. जपानमध्ये वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात, इथेही डावीकडून, म्हणून स्टेअरिंगची अडचण नाही. शिवाय जपानमध्ये नव्या गाडीची सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. तिला 'शाकेन' म्हणतात आणि तिचा खर्च मालकाला जड जातो. म्हणून तिथला माणूस चांगली धडधाकट गाडी लवकर विकतो. ती लिलावात जाते, जहाजात चढते आणि ऑकलंडच्या बंदरात उतरते. लिलावाच्या कागदावर गाडीचे चित्र असते आणि कुठे ओरखडा, कुठे पोचा, कुठला पत्रा बदललेला, हे सगळे इंग्रजी अक्षरांच्या खुणांनी लिहिलेले असते. तो कागद वाचायला मी इथे आल्यावर शिकलो. त्यामुळे जी गाडी एखाद्या श्रीमंत देशात हौशी लोकांच्या बंद शेडमध्ये असते, ती इथे रात्रपाळीच्या पोराच्या दारात येऊ शकते.

स्कायलाइनचे इथे कौतुक का, तेही सांगतो. ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट नावाच्या गावी डोंगरावरच्या रस्त्यावर दरवर्षी एक हजार किलोमीटरची मोटार शर्यत होते. १९९१ आणि १९९२, लागोपाठ दोन वर्षे, ती स्कायलाइन जीटी-आर गाडीने जिंकली. चालवणारे दोघे, मार्क स्कैफ आणि जिम रिचर्ड्स. त्यातले रिचर्ड्स मूळचे न्यूझीलंडचे. तिथल्या पत्रकारांनी या गाडीला 'गॉडझिला' नाव ठेवले, जपानी सिनेमातल्या राक्षसाचे. आमच्या मुलाची गाडी जीटी-आर नव्हती. ती तिची धाकटी बहीण, आर-३३ पिढीतली. इंजिन अडीच लिटरचे, सरळ रांगेत सहा सिलिंडर, एक टर्बो, कंपनीच्या हिशेबाने अडीचशे अश्वशक्ती. ज्या पद्मिनीवर मी धंदा शिकलो तिचे इंजिन अकराशे सीसीलाही थोडे कमी होते आणि शक्ती चाळीसच्या आसपास. तुलना आपणच करावी.

टर्बो म्हणजे काय, हे मी एकदा सौ.ला पोळ्या लाटताना समजावले होते, तसेच इथे सांगतो. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्यात जोर असतो. एरवी तो फुकट जातो. टर्बोमध्ये त्या धुराच्या वाटेत एक छोटी पंख्याची चकती असते. धूर तिला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरी चकती, ती बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि इंजिनाच्याच तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल नसेल तर दांडा टिकत नाही. हवेच्या दाबाला 'बूस्ट' म्हणतात. तो किती वाढू द्यायचा हे एक झडप ठरवते. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की झडप उघडते आणि उरलेला धूर चकतीला वळसा घालून निघून जातो.

आता या गाडीची खोच. निस्सानने त्या काळी धुराकडची चकती पोलादाची न करता सिरॅमिकची केली होती. वजनाला हलकी, त्यामुळे लवकर वेग घेते. पण कपबशीच्या जातीची. ठरलेल्या दाबात वर्षानुवर्षे चालते. दाब आणि उष्णता वाढवली की कधीतरी दांड्यावरून निखळते. आगाऊ सूचना देत नाही.

त्या रात्री मी मुलाला हे सगळे सांगितले. त्याला निम्मे आधीच माहीत होते. अण्णांना फोन लावला. ते ७१ वर्षांचे, कानाने थोडे कमी ऐकायचे, पण 'टर्बो' शब्द ऐकल्यावर आवाज बदलला.

"आमच्या डिझेल लोकोला पण टर्बो असायचा रे! सोळा सिलिंडर. हे बघ बाळा, पळवून आणलं की लगेच बंद करायचं नाही. आयडलला ठेवायचं. तापलेल्या दांड्यावरचं तेल जळतं."

नातू म्हणाला, "आजोबा, माझ्या गाडीत त्याला टायमर आहे. किल्ली काढली तरी इंजिन दोन मिनिटं चालू राहतं आणि मग आपोआप बंद होतं."

अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे जपान्याला पण हेच कळलं."

पहिले सहा महिने आम्ही ताकदीच्या वाटेला गेलोच नाही. जुन्या मालकाने गाडी खाली बसवायला उंची कमीजास्त करता येणारे सस्पेन्शन घातले होते, पण त्याचे प्रमाणपत्र घेतले नव्हते. इथे गाडीत असा बदल केला तर खास नेमलेल्या तपासनिसाकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते, नाहीतर पुढच्या फिटनेस तपासणीत गाडी अडकते. २००० पूर्वीच्या गाडीची ती तपासणी तेव्हा दर सहा महिन्यांनी असायची. भंगारवाल्याकडून मूळ स्प्रिंगा आणून आम्ही गाडी परत उंच केली. मुलाला ते फार लागले. मित्रांसमोर गाडी 'आजोबांची' दिसते म्हणाला. मी म्हटले, दिसू दे.

मीटरवर ९४ हजार किलोमीटर होते. जुन्या जपानी गाडीच्या मीटरवर मी विश्वास ठेवत नाही. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट एक लाखाला बदलायचा असतो आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचे वाटोळे होते. म्हणून बेल्ट, त्याचे रोलर आणि पाण्याचा पंप आधी बदलला. कॉइलना बारीक चिरा पडलेल्या होत्या, त्यातून ठिणगी बाहेर उडून इंजिन अडखळायचे. त्या बदलल्या, प्लगची फट कमी केली. तेल दर पाच हजाराला, चांगले, आणि फिल्टर प्रत्येक वेळी. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी नाही. पेट्रोलही ९८ ऑक्टेनचेच, कारण जपानमध्ये उंची पेट्रोल १०० ऑक्टेनचे मिळते आणि या इंजिनाची ठिणगी त्या हिशेबाने लावलेली असते. हलके पेट्रोल घातले तर मिश्रण वेळेआधी भडकते आणि पिस्टनवर हातोडे बसतात. ब्रेकच्या रबरी नळ्या वीस वर्षांच्या झाल्या होत्या, त्या काढल्या. मागचे बुश चिरलेले होते, त्यांना दोन रविवार गेले.

त्या रविवारांबद्दल मला सांगायचे आहे. परदेशात मुले मोठी होतात तेव्हा एक भिंत उभी राहते. त्याची मराठी जेवणाच्या ताटापुरती, माझी इंग्रजी गॅरेजपुरती. सोमवार ते शनिवार आमचे बोलणे "जेवलास का" आणि "हो" एवढेच. पण गाडीखाली दोघे पाठीवर झोपलो की तो बोलायचा. कॉलेजचे, कामावरच्या मॅनेजरचे, एका मुलीचे, सगळे. वर बघत बोलायचे असल्याने एकमेकांचे तोंड दिसत नसे, म्हणूनही असेल. मला तो वेळ फार मोलाचा वाटू लागला. आणि तिथेच माझी चूक झाली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये तेल बदलताना मला झडपेकडे जाणाऱ्या हवेच्या नळीत पितळेचा एक नवा तुकडा दिसला. बोटभर लांब, वर एक स्क्रू. ब्लीड व्हॉल्व्ह. दुकानात वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. तो नळीतली थोडी हवा बाहेर सोडतो. झडपेला वाटते दाब अजून कमी आहे, ती उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. खरे तर ती फसवणूक आहे, झडपेची. मुलाने मला न सांगता तो बसवला होता. स्क्रू किती फिरवला आहे ते बघून मी अंदाज केला की मूळच्या सातऐवजी दाब चौदाच्या आसपास असावा.

गिऱ्हाइकाची गाडी असती तर मी तिथेच काम थांबवून फोन केला असता. लिहून दिले असते की या दाबाने टर्बो जाईल. पण मुलगा बाजूला उभा राहून मला त्या मुलीबद्दल सांगत होता. तिच्या आईवडिलांना भेटला होता. मी मध्येच थांबवले असते तर तो परत "हो" आणि "नाही" वर गेला असता. मी नळीवरून हात काढला आणि तेलाचे झाकण लावले. मनात म्हटले, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्याची परीक्षा.

जून महिन्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, शनिवारी तो धाकटीला हॅमिल्टनहून आणायला गेला. तिथे सौ.ची चुलत बहीण राहते. धाकटी तेव्हा बारा वर्षांची. परत येताना रात्री नऊच्या सुमारास पावसात त्यांना बॉम्बे हिल्स चढायच्या होत्या. होय, नाव बॉम्बेच. १८६० च्या दशकात 'बॉम्बे' नावाच्या जहाजातून आलेले इंग्रज वसाहतवाले तिथे राहिले, म्हणून त्या जागेला ते नाव पडले. ऑकलंडहून दक्षिणेला जाणारा मोठा रस्ता या टेकड्यांवरून जातो. आपल्या घाटापुढे ती चढण काहीच नाही. पण लांब चढणीवर पाय दाबून धरला की टर्बो पूर्ण दाबाने सतत काम करतो, आणि तापतो.

चढणीच्या शेवटी एक 'टक्' असा आवाज झाला आणि गाडीतली ताकद निघून गेली. मागे पांढरा-निळा धूर इतका की मागच्या गाडीचे दिवे दिसेनात. सिरॅमिकची चकती दांड्यावरून निघाली होती. आता मोकळा दांडा वेडावाकडा थरथरत होता, त्याचे सील फाटले आणि इंजिनाचे तेल सायलेन्सरमधून बाहेर जाऊ लागले. टेकडीच्या माथ्यावर पेट्रोल पंप आहे, खाण्याची दुकाने आहेत, लख्ख उजेड आहे. तिथे वळून इंजिन बंद केले असते तर फक्त टर्बो गेला असता.

तो थांबला नाही. थांबला असता तर मला फोन करावा लागला असता. हळूहळू घरी जाऊ, रात्री गाडी दारात लावू, उद्या काहीतरी सांगू, असा त्याचा विचार. धाकटीला म्हणाला, "पप्पांना सांगू नको." उतारावरून ड्रुरीच्या अलीकडे पोचेपर्यंत तेलाचा लाल दिवा लुकलुकला, मग कायम पेटला, मग इंजिनात कोणीतरी हातोडीने ठोकावे तसा आवाज सुरू झाला, आणि इंजिन बंद पडले. शंभरच्या वेगाने ट्रक जात होते. पाऊस होता. धाकटी लोखंडी कठड्याच्या पलीकडे गवतात उभी राहिली आणि फोन तिने केला, त्याने नाही.

"पप्पा, दादाने सांगू नको म्हटलंय. पण या ना."

मी पोचलो तेव्हा पोलिसांची एक गाडी मागे दिवे लावून उभी होती, म्हणून बरे. धाकटीच्या बुटात पाणी गेले होते. मी तिला माझ्या गाडीत बसवले आणि हीटर लावला. मुलाशी मी एक शब्द बोललो नाही. टोइंगवाला येईपर्यंत तो तिथेच पावसात उभा राहिला.

घरी सौ. त्याला जे बोलली ते लिहिण्यासारखे नाही. तो ऐकून घेत होता. "माझी चूक आहे मम्मी, मी व्हॉल्व्ह लावला, पप्पांना सांगितलं नाही," असे तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मला राहवले नाही. मी म्हणालो, "मला माहीत होतं. एप्रिलमध्येच बघितलं होतं मी."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मुलाच्या डोळ्यांत जे होते ते राग नव्हता. सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक असतं तर सांगितलं असतंत ना?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

गाडी दोन महिने ताडपत्रीखाली पडून होती. विमा होता तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा, त्यातून काही मिळणार नव्हते. मुलगा ती भंगारात द्यायला निघाला. एकाने पंधराशे डॉलर सांगितले. मी म्हटले, विकायची असेल तर वीक, पण आधी उघडून बघू काय झाले ते. न बघता टाकू नये. हे मी बाप म्हणून म्हटले की मेकॅनिक म्हणून, मला सांगता येत नाही.

ऑगस्टमध्ये इंजिन बाहेर काढले. तळाचा सम्प उघडला तर उरलेल्या तेलात सोनेरी चमक. गणपतीच्या मखराला लावतात तशी. ती बेअरिंगची भुकटी. पाच नंबरच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग फिरून चपटे झाले होते आणि क्रँकवर चरे पडले होते. टर्बोचा दांडा धुराच्या बाजूला नागडा. चकतीचे तुकडे सायलेन्सरच्या नळीत आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या तोंडाशी सापडले. हे तुकडे कधीकधी उलटे सिलिंडरमध्येही जातात, म्हणून हेड काढले. बोअर स्वच्छ होते. तेवढे नशीब.

मग मी एक अट घातली. पाना तू धरायचा, मी फक्त उभा राहणार. क्रँक मशीन शॉपमध्ये पाव मिलिमीटर ग्राइंड करून आणला आणि त्या मापाची बेअरिंगे मागवली. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते. त्यासाठी प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक दोरा मिळतो. तो क्रँकवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, परत काढायची, आणि दोरा किती रुंद चेपला ते पट्टीवर बघायचे. सात मुख्य बेअरिंगे आणि सहा रॉडची. त्याने एकदा केले. मी म्हटले, परत. परत केले. चार नंबरचा आकडा जुळेना. कॅपखाली लुगड्याच्या धाग्याएवढा कचरा होता. तो सापडायला आमची एक रात्र गेली. तेलाच्या सगळ्या वाटा त्याने ब्रशने घासून धुतल्या. ऑइल कूलर मात्र टाकून दिला, कारण त्याच्या आत अडकलेली भुकटी कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खाते. तेलाचा पंप नवा घेतला.

टर्बो पोलादी चकतीचा करून घेतला. बाहेरून जुनाच दिसतो, आत सगळे नवे. आणि झडपेला फसवण्याऐवजी इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलला. न्यूझीलंडमध्येच, क्राइस्टचर्चला, लिंक नावाची कंपनी असे कॉम्प्युटर बनवते आणि स्कायलाइनच्या मूळ जागी बसणारा त्यांचा बोर्ड मिळतो. त्यात हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे सगळे आकड्यांनी बसवता येते. सगळे मिळून सहा हजार चारशे डॉलर. त्याने रात्रपाळी वाढवली. दोन हजार मी दिले. तो नको म्हणत होता. मी म्हटले, एप्रिल महिन्याचे आहेत, घे.

२०१७ च्या फेब्रुवारीत इंजिन चालू करायचा दिवस आला. फोनवर व्हिडिओ कॉलमधून अण्णा. त्यांनी चष्मा लावून, स्क्रीनला नाक लावून सगळे बघितले.

"आधी तेल फिरव," ते म्हणाले. "पेटवायची घाई करू नको."

आम्ही तेच करणार होतो. ठिणगी आणि पेट्रोल तोडून नुसता स्टार्टर फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नवीन बसवलेल्या तेलाच्या दाबाच्या मीटरचा काटा शून्यावरून हलला आणि वर चढला. मग जोडणी केली आणि किल्ली फिरवली. सहाही सिलिंडर एका सुरात लागले. अण्णांनी हात वर करून आम्हाला गप्प बसवले आणि फोन इंजिनाजवळ धरायला सांगितला. कमी ऐकणारा माणूस, पण दोन मिनिटे तो तसाच डोळे मिटून बसला. "टॅपेट थोडं वाजतंय का?" मुलगा म्हणाला, "आजोबा, ते इंजेक्टर आहेत." अण्णा हसले. २०२० साली ते गेले. त्यांचा फीलर गेज माझ्या पेटीत आहे.

पहिले हजार किलोमीटर गाडी नरम चालवली, तेल तीनदा बदलले. मग डायनोवर चढवली. डायनो म्हणजे रुळांवर चाके फिरवून ताकद मोजायचे यंत्र. चाकांवर १७५ किलोवॅट भरले, बूस्ट बारा. चालकाने सांगितले की थोडे अजून निघेल. मूळ इंजेक्टर तिथे संपत आले होते, आणखी दाब म्हणजे पेट्रोल कमी पडणार. मी काही बोललो नाही, मुद्दामच. मुलगाच म्हणाला, "नको, इथेच ठेवा." त्यानंतर बदलांच्या तपासनिसाकडे गाडी नेली. त्याने टर्बो, कॉम्प्युटर, ब्रेक सगळे बघून, स्वतः चालवून, महिन्याभराने धातूची एक छोटी पट्टी दिली. गाडीत काय काय बदलले आहे ते तिच्यावर कोरलेले असते आणि ती बॉनेटखाली ठोकायची असते. मुलाने तिचा फोटो काढून कुर्ल्याला पाठवला. भावाने विचारले, "हे बक्षीस आहे काय?"

धाकटी मात्र त्या गाडीत बसली नाही. शाळेला उशीर झाला तरी बसने जायची. आम्ही कोणी तिला आग्रह केला नाही. तिचा दादा रविवारी गाडी धुवायचा तेव्हा ती खिडकीतून बघायची आणि पडदा ओढायची.

२०१८ च्या जानेवारीत एका सकाळी तिला पोहायच्या शिकवणीला जायचे होते, मला कामावर बोलावणे आले होते आणि बस चुकली होती. ती पिशवी घेऊन बाहेर आली. दादाने गाडी नुकतीच चालू केली होती. ती चालकाच्या खिडकीपाशी उभी राहिली.

"प्रेशर किती?"

"साडेचार. पण थंड आहे अजून."

"मग गरम होऊ दे," ती म्हणाली आणि अंगणातल्या पायरीवर बसली. पिशवीतून संत्रे काढून सोलले, सावकाश खाल्ले, साली कुंडीत टाकल्या. मी दारात पायात बूट घालत होतो, तो एक बूट हातातच राहिला. दहा मिनिटे झाली असतील. दादा मीटरकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

"आता किती?"

"आयडलला दीड. स्थिर आहे."

ती उठली, पुढची सीट वाकवली आणि मागे जाऊन बसली.